तळाज्याच्या पत्त्यावरची फियाट

मी, दमयंती नरोत्तमदास वोरा, वय एकाहत्तर, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कृष्णनगर, भावनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉ. निरंजन पारेख यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, आणि त्याच बैठकीत माझे गाडी चालवणे कायमचे बंद केले आहे. तेव्हा सांगायचे ते आताच सांगणे भाग आहे.

१. राहते घर, बँकेतील ठेव व दागिने माझ्या भावाचा मुलगा पार्थिव याला द्यावेत. तो दर रविवारी गाठिये घेऊन येतो आणि माझ्या गाडीवरून डोके खातो. "फोई, लोक हसतात हो. भंगारात तरी द्या," हे त्याचे पालुपद. त्याने दहा वर्षांत तीन नव्याकोऱ्या गाड्या बदलल्या आणि एकीचाही आवाज त्याला ओळखता येत नाही. घर मात्र नीट सांभाळेल.

२. मी आयुष्यात चार गाड्या घेतल्या, चारही जुन्या. त्यातून आलेले शहाणपण हीही मिळकतच, ती ज्याला हवी त्याने घ्यावी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. इंजिन धुऊन चकचकीत केले असेल तर नमस्कार करून घरी यावे. मीटर मागे फिरवता येते, क्लचवरचे झिजलेले रबर फिरवता येत नाही. पायाखालची चटई उचलून खाली गंज आहे का ते हात लावून पाहावे. आणि गाडीआधी विकणाऱ्याचे घर पाहावे. ज्याच्या दारातल्या कुंडीत पाणी असते, त्याच्या रेडिएटरमध्येही असते.

३. माझी पहिली गाडी दलाल मनसुख गोटी याने "लेडी डॉक्टरची, फक्त घर ते दवाखाना" म्हणून गळ्यात मारली. ती जुनागढला टॅक्सी होती. त्याला मी माफ करत नाही, मेल्यावरही करणार नाही. तरी बाराव्याच्या जेवणाला त्याला बोलवावे, कारण चटई उचलायला मी त्याच्यामुळेच शिकले.

४. आता फियाट. १९९७ सालची, दुधी रंगाची. ती मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण कागदोपत्री ती माझी नाही.

२००४ साली ती मी तळाज्याचे गणिताचे मास्तर इंद्रवदन भानुशंकर त्रिवेदी यांच्याकडून घेतली. पत्नी गेल्यावर त्यांनी ती विकायला काढली होती. आमच्याकडे रीतच आहे : विकणारा नाव बदलायच्या फॉर्मांवर सही करतो, तारीख कोरी सोडतो, आणि घेणारा ते कागद डॅशबोर्डच्या खणात टाकून पुढे बघू म्हणतो. दलाल याला हुशारी म्हणतात, कायदा गुन्हा म्हणतो. मी तो गुन्हा एकवीस वर्षे केला.

त्यामुळे विम्याचे पत्र दर वर्षी दिवाळीनंतर, लाभपाचमच्या सुमारास तळाज्याला जाते. मग फोन येतो. "दमयंतीबेन, तुमच्या गाडीचं पत्र आलंय." मी म्हणते, "गाडी तुमची, पत्ता तुमचा, आणि पत्र तेवढं माझं होय?" आणि आणायला निघते.

त्या रस्त्यावर अलंगच्या फाट्याजवळ तोडलेल्या जहाजांमधले सामान विकायला मांडलेले असते. मोठाले आरसे ओळीने उभे असतात. त्यांत आभाळ असते, एका आरशातला ढग दुसऱ्यात जातो, आणि त्यांतून माझी दुधी गाडी पाण्यातून जावी तशी सावकाश जाते. काटा मी चाळीसच्या वर जाऊ देत नाही. जुन्या गाडीला घाई सांगायची नसते, तिच्या चालीने आपण चालायचे असते. तळाज्याला इंद्रवदनभाई शेजारी बसतात आणि काचा खाली करून आम्ही गोपनाथच्या समुद्राशी जातो. ओहोटीला पाणी इतके दूर गेलेले असते की समुद्र कोणीतरी घडी करून ठेवला आहे असे वाटते. थर्मासमधला चहा पितो. बोलणे फारसे होत नाही. एकदा परतताना ते डोळे मिटून बसले होते. झोप लागली का, असे मी विचारले. म्हणाले, "नाही. कुठे चाललोय ते विसरून बघत होतो." त्यानंतर मलाही कितीतरी वेळ रस्ता संपू नये असेच वाटत राहिले.

गाडीला पंधरा वर्षे झाली तेव्हा फेरनोंदणीसाठी दोघांना आरटीओत जावे लागले. मालक कोण, असे साहेबांनी विचारताच आम्ही एकमेकांकडे बोट दाखवले. साहेब म्हणाले, "नवराबायकोचं भांडण घरी मिटवून या." आम्ही त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

५. यंदाही पत्र येईल आणि मला जाता येणार नाही. पार्थिव म्हणतो, नाव पाच मिनिटांत मोबाइलवरून बदलतो. मी आळसाने राहिले असे त्याला वाटते. नाव बदलले असते तर मला तळाज्याला जायला निमित्त उरले नसते, आणि निमित्ताशिवाय जाण्याचे धाडस माझ्यात कधीच नव्हते. मला ते आवडतात. हे मी कोणाला सांगितलेले नाही, त्यांनाही नाही, आणि न सांगता मरायची माझी इच्छा नाही.

६. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. इंद्रवदनभाईंना मी काहीच देत नाही, गाडी त्यांचीच आहे. म्हणून त्यांना साक्षीला बोलावले आहे. वकील असेही म्हणाले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही पुरते. मी त्यांना वाचायला देणार आहे. पार्थिव त्यांना आणायला गेला आहे. तोवर मी थर्मासमध्ये चहा भरून ठेवते.

ठिकाण : भावनगर
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५, रविवार
(सही) दमयंती न. वोरा

साक्षीदार १ : डॉ. निरंजन पारेख, भावनगर (सही)

साक्षीदार २ : इंद्रवदन भानुशंकर त्रिवेदी, तळाजा (सही)
आधी सगळे वाचले, मग सही केली. विमावाला दर वर्षी विचारायचा, "मास्तर, पत्ता भावनगरचा करून टाकू का?" दर वर्षी मी नको म्हणालो.