परवान्यावरचं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या जोह्याला गेले की माझी नजर आधी भिंतींवर फिरते. कोणाच्या ओटीवरचा पंखा, कोणाच्या गणपतीच्या कारखान्यातले दिवे, किती घरांत तुमच्या हातचं काम आहे. बाकी लोक मूर्तीचे डोळे बघतात आणि मी स्विचबोर्ड बघत उभी. कारखान्यातल्या बायका हसतात मला.

वरसे गावातल्या त्या नव्या घराचा दिवस तर कालचा वाटतो. मी तेव्हा रोह्याच्या आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होते, वर्गात एकटी मुलगी, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या हाताखाली. पोरीला शिडीवर चढवताय, उद्या हिला स्थळ कोण आणणार, म्हणून आईची कटकट चालूच असायची. तुम्ही अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरताय. मीठही आजोबांच्या मिठागरातलं, पेणहून एसटीने पिशवीत आणलेलं. दुकानातलं चालत नाही का, विचारलं तर म्हणालात, घरचं असताना विकत कशाला घ्यायचं. इकडे आत माझी वायर जराशी कमी पडली, म्हणून मी तुकडा जोडला आणि जोड हळूच भिंतीतल्या पाइपात ढकलून दिला. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. घरमालकिणीसमोर सगळी वायर बाहेर ओढायला लावलीत.

"भितीत गेल्याव कोन बघनार नाय," तुम्ही म्हणालात. "म्हनून आधी आपुन बघायचा."

मी संध्याकाळपर्यंत गाल फुगवून बसले होते. मग रोह्याच्या स्टँडवर तुम्ही गरम भजी घेऊन दिलीत आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. खायच्या बाबतीत मी कधीच मानी नव्हते.

राग टिकला तो दुसऱ्याच गोष्टीचा. काम पुरं झालं की वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर सही करायचा पेणचा कंत्राटदार, कारण परवाना त्याच्याकडे होता. घर कुठल्या आळीत आहे हेही त्याला ठाऊक नसायचं. आयत्या बिळावर नागोबा! तुमचं काम वायरमनचं आणि मजुरी हेल्परची. आयटीआयतले सर म्हणायचे, अनुभवावरही परवान्याची परीक्षा देता येते. मी तुमच्या किती मागे लागले. तुम्ही हसून टाळायचात, आणि एकदाच खरं बोललात.

"मना सायबापुढं बोलाय जमनार नाय गो. तू काढ परवाना. माजा नाव कुठं लागला नाय तरी लाइट लागते ना?"

त्या वाक्यावर मी रडले होते, तुम्हाला माहीत नाही.

माझा परवाना पोस्टाने आला तेव्हा तुम्ही होतात, हे माझं भाग्य. दारात उजेडाला धरून एकेक अक्षर वाचलंत आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. आता डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असले तरी पगार परवानाधारकाचा मिळतो. रविवारी घरांची कामं करते. स्वतः बघितल्याशिवाय कुठेही सही करत नाही. हाताखालची पोरं वैतागतात, ताई फार किचकिच करते म्हणतात. म्हणू देत.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं. नवरा म्हणाला, लग्नाला इतकी वर्षं झाली, बँकेत एक नाव आणि परवान्यावर दुसरं, या खेपेला बदलून घे. त्याचं बरोबरच आहे. मी सांगितलं, त्या ऑफिसात नाव बदलायचं म्हणजे फार खेटे घालावे लागतात, बघू पुढे. बिचाऱ्याला पटलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मी त्या ऑफिसात विचारलंसुद्धा नाही. जुन्याच नावाने नूतनीकरण करून आणलं. टेस्ट रिपोर्ट भरताना माझ्या नावापुढे तुमचं नाव येतं, बाबा, आणि मी ते नुसत्या आद्याक्षरावर भागवत नाही, पूर्ण लिहिते.