आजोबांची फ्रेंच गेली

ब्रेस्ट,
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय आई,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. गुडघा शेकतेस ना? लियाँला थंडी पडली असेल. इथे नुसता पाऊस आणि वारा.

माझं बरं चाललंय. केल्टिक भाषांच्या एम.ए.ला यंदा आम्ही चौघंच आहोत. जुन्या आयरिशची क्रियापदं घोकून डोकं पिकलंय. वेल्शच्या तासाला निदान हसू तरी येतं. शुक्रवारी बाकीचे तिघं घरी जातात. मी खोलीवर कुट्टूची दोन धिरडी घालते आणि धडे मोठ्यानं वाचत बसते. तेवढाच कुणी बोलल्याचा भास.

आजोबांना अर्धांगाचा झटका आल्याचं मामानं तुला कळवलंच असेल. तू पत्रात एक शब्द लिहिला नाहीस, म्हणून मीही विषय काढणार नव्हते. पण दर शनिवारी मी वृद्धाश्रमात जाते, ते किती दिवस लपवू?

त्यांचा उजवा हात गेलाय, आणि फ्रेंच गेलीये. पार पुसली गेली. उरली ती फक्त ब्रेटन, इकडच्या खेड्यांतली त्यांची लहानपणीची बोली. तिथली नर्स सँड्रीन मला दारातच म्हणाली, "बरं झालं बाई आलीस. म्हातारा दिवसभर बरळतोय, एक अक्षर कळेल तर शपथ!"

बरळत नव्हते गं. ताक मागत होते.

मी वर्गात शिकलेल्या ब्रेटनमधून विचारलं, "आजोबा, आपली प्रकृती कशी आहे?" त्यांनी डोळे बारीक केले. "ही रेडिओवरची बाई इथे कशी आली? कुठल्या गावची तू?"

"तुमच्याच."

"हॅट! आमच्या गावात असं कुणी शिंकतसुद्धा नाही."

आम्ही दोघंही हसलो. पुढचे दोन-तीन शनिवार असेच बरे गेले.

काल मात्र मी आत शिरले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "सोइझिक, किती वर्षांनी आलीस!" सोइझिक मी नव्हे, माझी आई, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी गप्प बसून राहिले. त्या गप्प बसण्याचा त्यांनी वेगळाच अर्थ घेतला. हळू आवाजात म्हणाले, "बोल गं. बोल. आता नाही कुणी मारणार."

आई, मला कळायला लागल्यापासून तू सांगत आलीस, की ही भाषा तुला येतच नाही.

बाहेर आल्यावर मी मामाला गाठलं. तो आधी टाळत होता, मग बोलला. शाळेत ब्रेटन बोलले म्हणून आजोबांची चारचौघांत थट्टा झाली होती, तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं म्हणे, की पोरांच्या तोंडी फ्रेंचच हवी. जेवताना ब्रेटन शब्द निघाला की थोबाडीत बसायची. "सोइझिकला सगळ्यात जास्त बसल्या," मामा म्हणाला. "तीच सगळ्यात बडबडी होती ना."

मी तुला कधी बडबडी पाहिलेलीच नाही.

आणखी एक सांगायचंय, आणि तेच सांगायला एवढं लांबण लावलं. खोलीतून बाहेर पडण्याआधी मी त्यांना उत्तर दिलं होतं. तुझ्या नावानं. "बाबा, बोलतेय मी," एवढंच. माफ केलं, असं म्हटलं नाही. तो अधिकार माझा नव्हता. ते रडले आणि मग शांत झोपले. तेव्हापासून तुझ्या ताटातलं काहीतरी उचलून खाल्ल्यासारखं वाटतंय.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तू ये, असं मी म्हणणार नव्हते. म्हणतेय.

तुझी,
रोझेन


ब्रेस्ट,
२ डिसेंबर २००४

प्रिय आई,

काल आजोबांना मातीत ठेवलं. तू पाठवलेली फुलं वेळेवर पोचली. माणसं फार नव्हती. दफनभूमीत मामा आणि त्याचे शेजारी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तुझ्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मी तुझ्यावर रागावले होते.

परतताना सँड्रीननं मला बाजूला घेतलं. "गेल्या मंगळवारी तुझ्या आईचा फोन आला होता. म्हाताऱ्याच्या कानाला लावून धरा म्हणाली. मी धरला. बराच वेळ बोलत होती. मधे आवाजही चढला होता. भांडत होती का गं?"

"कुठल्या भाषेत?"

"त्यांच्याच! मला काय कळणार, कप्पाळ?"

"आणि आजोबा?"

"ऐकत होते. मधे एकदा डोळे पुसले. मग हसायला लागले."

तू काय बोललीस, ते मी कधीही विचारणार नाही. ते तुम्हा दोघांचं. माझा राग मात्र तिथल्या तिथे, पावसातच विरघळला.

काल खोलीवर आल्यावर धिरडी घातली नाहीत की पुस्तक उघडलं नाही. कोशांतून, ध्वनिफितींतून, परक्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ही भाषा कणाकणानं वेचतेय, आणि ती सारा वेळ आपल्या स्वयंपाकघरात होती. फक्त माझ्याशी बोलत नव्हती.

नाताळला येतेय. तुझ्या नावानं बोलले म्हणून रागाव माझ्यावर, हवं तेवढं. पण त्याच भाषेत रागाव. निम्मं कळणार नाही. तरी ऐकत राहीन.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारी,
रोझेन