वाल्मिकच्या रानावरची रेघ

घोडेगाव शिवार,
ता. १७ नोव्हेंबर

सॅमसन यास,

एस्तेरताईचा सलाम. आईचा खोकला गेला. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. तू पुण्यात बरा असशील असं धरून चालते. झाली ख्यालीखुशाली.

आता तुझ्या नकाशाचं. पाणी सोसायटीच्या भिंतीवर तू लावून गेलास तो. कॉम्प्युटरवर फुकट करून दिलास म्हणून तुला शाल घातली, तू मान खाली घालून हसलास. लई गोड.

आपलं वावर पायजम्यासारखं आहे, तुला ठाऊक आहे. दोन पाय, मधे वाल्मिकचं रान. कंबर तुझ्या चौकोनात मावली नाही, तू छाटलीस. त्याला माझी ना नाही, कागद कुठंतरी संपणारच. पण कंबर गेली तर पाय दोन वेगळे व्हायला पाहिजेत ना? तुझ्या प्रोग्रॅमनं ते तोडलेच नाहीत. चौकोनाच्या कडेकडेनं लाल रेघ ओढून एकमेकाला बांधून ठेवले. वाल्मिकच्या रानावरून; ते तर रेघेच्या पलीकडं कंबरेपर्यंत जातं. गावानं ती आपल्या वावराचा बांध धरली. वाल्मिकचं रान रेघेशी संपलं, पलीकडचं एस्तेरनं भावाच्या हातून नकाशात लाटलं, असं चाललंय.

परवा फोनवर मला म्हणालास, "ताई, ती रेघ खोटी आहे, मला दिसली होती. कडेचं कोण बघतं?" मग त्या दिवशी सभेत वाल्मिकनं विचारलं तेव्हा मशीन चुकत नाही, असं कोण म्हणालं? शाल अंगावर होती म्हणून का?

तू शिकायला गेलास तेव्हापासून रंगुबाईची न् माझी सावड आहे. वाल्मिकची बायको म्हणून नाही, माणूस म्हणून. माझा कांदा ती लावणार, तिचा मी. यंदा ती बांधावरून जाते न् तोंड फिरवते. रोप वाफ्यात पिवळं पडायला लागलंय. मजूर मिळतील, पण मला मजूर नकोत.

पुढचं लिहायचं नव्हतं. सोसायटीत कोणी नाही बघून मी त्या रेघेवर शेण फासलं. खोटं निदान दिसू तरी नये. मागं वळले तर दारात रंगुबाई.

"चोरी केली ती केली, आता झाकती व्हय?"

एवढं बोलली न् गेली. शेणाचा हात पदराआड लपवून मी घरी आले. मी, सॅमसन.

आता मी बायबलवर हात ठेवला तरी ती मानायची नाही. तूच ये. पाय वेगळे केलेला नकाशा घेऊन ये. आधी रंगुबाईच्या ओट्यावर जा, वाल्मिकलाही बोलव, आणि दोघांना सांग की तुला ठाऊक होतं न् तू गप्प बसलास. फोनवर नाही, तोंडानं. मग घरी ये. त्याच्या आधी आलास तर आई रडेल, पण मी तुला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. नाताळ असला तरी.

रोप फार दिवस थांबत नाही.

अजून तरी तुझी बहीण,
एस्तेर