दुसरा ठोका

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. रोहन,

टण्ण. असा एकच ठोका, आणि मग बराच वेळ नुसता कंप. गौलीगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला असायचा. सहावीच्या वर्गात मी कविता शिकवताना शेवटची ओळ लांबवत असायचो आणि हिम्मतराव नावाचा पोरगा बाहेर लोखंडी दांडा घेऊन खिडकीतून माझ्याकडे बघत उभा असायचा. मी मान हलवली की त्यानं ठोका द्यायचा. वेळ होऊन गेली असली तरी. हेडमास्तर रागवायचे, आम्ही दोघं खाली बघून ऐकून घ्यायचो.

तर तुला आणि प्रियाला आशीर्वाद. पुण्यात ऊन तापायला लागलं असेल, इथे लागलं आहे. तुझी आई बरी आहे, जेवण कमी झालंय. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे तू मराठी वाचताना अडणार नाहीस. अडलास तर प्रियाकडून वाचून घे, पण आधी एकदा एकट्यानं वाच.

मागच्या रविवारी संध्याकाळी तो ठोका मी पुन्हा ऐकला. गॅलरीत आरामखुर्चीत होतो. वाटलं, डुलकी लागली असेल. डोळे उघडले नाहीत. उलट हसू आलं. कंप विरेपर्यंत थांबलो आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिलो, मधल्या सुट्टीला नेहमी दोन असत.

दुसरा ठोका पडला, पण वाजला नाही. ओलं गोधडं दगडावर आपटावं तसा आवाज आला, आणि त्यामागून माणसाचं ओरडणं.

खाली वाकून पाहिलं तेव्हा गेटपाशी आपल्या इमारतीतले सात-आठ जण होते आणि मध्ये एक माणूस गुडघ्यांवर. त्याचा डावा हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला होता. कोणीतरी केस धरून त्याचं डोकं मागे खेचलं होतं, कोणी पाठीत लाथ घालत होतं. पहिल्या मजल्यावरचा अविनाश फोन उंच धरून सगळं टिपत होता. दांडा पुन्हा वर गेला आणि खांद्यावर आला. पुन्हा गेला. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडत होतो, पण वर्ग गप्प करणारा माझा आवाज आता राहिलेला नाही. लिफ्ट वर येईना. मी जिना उतरलो, कठडा धरून. पोचलो तेव्हा त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडला होता. त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली, जशी वर्गात घालायचा.

हिम्मतराव, रोहन. पंचावन्नचा झाला असेल. बालानगरला कारखान्यात लेथ चालवतो. आमची शाळा पाडायला काढली आहे, तर भंगारवाल्याच्या हातात जाण्याआधी तो ती घंटा आणि दांडा मागून घेऊन आला होता. गोणपाटात बांधून, खांद्यावरून. माझ्यासाठी.

आता तुझ्या ॲपचं. गेटवर पाहुण्यानं नाव लिहायचं, मग ते फ्लॅटच्या फोनवर दिसतं, मग घरच्यांनी 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. सोसायटीसाठी तू ते फुकट करून दिलंस याचा मला अभिमान होता, मी वाचनालयातसुद्धा सांगितलं होतं. वॉचमन यादय्या सांगतो, त्या माणसानं त्याच्या हातातून गेटवरचा फोन घेतला, सगळं स्वतः लिहिलं. नाव, गाव, कोणाकडे, कशाला. आपल्या घरच्या फोनवर आलं ते असं: चौकटी कंसात 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' आपल्याला भेटायला आले आहेत.

इकडून 'नाही' दाबलं गेलं. शिवाय महिनाभर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्यांच्या गोष्टी फिरत होत्याच. खाली जाऊन विचारलं, क्या नाम है रे तेरा, ये क्या लिखा? तो म्हणाला, "नाम तो डाला ना साब, उसमेंच है, देखो. सर के घर जाना मेरेकू." गोणपाटात काय, म्हणून विचारलं. त्यानं घंटा तारेच्या कडीला धरून दोन्ही हातांनी वर उचलली, दाखवायला. दांडा खाली पडला होता, तो उचलला गेला. पहिला घाव रुळावर बसला. तोच मी ऐकला.

अविनाश परवा मला लिफ्टमध्ये भेटला. त्याचं तर पोट याच कामावर चालतं. "काका, ते वाचल्याबरोबर मला कळलं होतं," म्हणाला, "हा प्रोग्रामचा घोळ आहे. आम्ही ऑफिसात रोज यावर हसतो. पण तोवर सुरू झालं होतं." निम्मी इमारत तुमच्या धंद्यातली आहे. त्या अक्षरांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाचा हात मोडला.

दिवाळीत तू मला हेच शिकवलं होतंस, आठवतं? चकल्या खात. प्रोग्राममधल्या वस्तूच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, आत सगळं असतं, अण्णा, पण स्वतःविषयी काय सांगायचं हे तिला आधी शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर जावास्क्रिप्ट ही ॲपची भाषा नुसतं ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट म्हणते. जावा ही दुसरी भाषा जातीचं नाव सांगते आणि पुढे अक्षरं-आकड्यांचं शेपूट लावते. पायथनमध्ये दोन उत्तरं शिकवता येतात, एक चारचौघांत सांगायला आणि एक बनवणाऱ्याला, जे उघडंवाघडं पण खरं. मी म्हणालो होतो, हे तर आमचं 'कवितेचा सरळ अर्थ लिहा'. तू हसलास. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, नातवाला आणि मला एकच गोष्ट कळली म्हणून.

दांडा कोणाच्या हातात होता हे मी अजून लिहिलेलं नाही. तू ओळखलं असशील. तुझ्या बाबाच्या. 'नाही' त्यानंच दाबलं, दांडा त्यानंच उचलला, पहिला घावही त्याचाच आणि दुसराही. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं तेव्हा त्यानं मला झटकलं, मी भिंतीवर गेलो. मग त्यानं मला ओळखलं. त्याच्या चष्म्यावर रक्ताचे थेंब होते आणि तो त्यांतूनच बघत होता. लहानपणी गॅलरीतलं चिमणीचं पिल्लू मेलं म्हणून दोन दिवस न जेवलेला माझा गिरीश.

पोलिसांना त्यानं सांगितलं, सेक्रेटरी म्हणून, की या इसमानं नाव लिहायला नकार दिला, खोटंनाटं काहीतरी टाकलं आणि लोखंड उगारलं. चारजणांनी खाली सह्या केल्या. आता गुन्हा हिम्मतरावावर आहे. तो कालपर्यंत दवाखान्यात होता, हातात सळई घातलेली, आणि माझी शाळेची घंटा पोलिस ठाण्यात हत्यार म्हणून पडली आहे. मी जबाब द्यायला गेलो होतो. इन्स्पेक्टर भला माणूस. म्हणाला, सर, आपण तर वर होतात, त्यानं खरं नाव लिहिलं होतं हे आपल्याला कसं ठाऊक?

बुधवारी बाबाने तुला फोन केला, तो मी भिंतीपलीकडून ऐकला. त्या दिवसाचं सगळं पुसून टाक, म्हणाला. तू काय म्हणालास ते ऐकू आलं नाही. त्यानंतर तू माझे फोन घेत नाहीस. काल मी गिरीशला त्याबद्दल विचारलं, तर त्यानं माझी काठी गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे माझ्या पायाशी टाकले. तुझी आई हर्षदा मोरीत जाऊन त्याचा तोच शर्ट पुन्हा घासत बसली. डाग कधीच गेलाय, तरी घासते.

मी काय मागतोय ते सरळ लिहितो. पुसू नकोस. त्या कंसात हिम्मतराव अजून बंद आहे, त्यानं लिहिलेलं नाव, आणि 'सरांना घंटा द्यायला' असं काहीतरी. ते वाचता येईल असं कागदावर छाप, सही कर आणि पाठव. तुझ्या बापाला शिक्षा होईल. मला माहीत आहे मी काय मागतोय. तो माझाही

थांबलो होतो. आत्ता काय झालं ते घाईत लिहितो, अक्षर लावून घे.

गिरीश समोर बसलाय, आठ दिवसांत पहिल्यांदाच माझ्या खोलीत आला. टेबलावर त्याचा फोन वाजला. आम्ही दोघांनी एकदमच वाकून पाहिलं. कंस नव्हता. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: हिम्मतराव, बालानगर. भेटायचे आहे सरांना. कारण: तब्येत विचारायला.

माझी तब्येत. त्याला कोणीतरी सांगितलं असेल मी भिंतीवर आपटलो ते.

म्हणजे तू त्या ॲपला हात लावलास, रोहन. बोलायला शिकवलंस. त्या रविवारचं अजून आत आहे की पुसलंस, एवढं मला अजून कळलेलं नाही.

गिरीशने ते नाव हळू आवाजात वाचलं, लहान मुलं वाचतात तसं. मग त्याचा अंगठा फोनवर टेकला. कोणत्या बटणावर ते मला दिसलं नाही. तो उठून उभा राहिला, मुठी वळलेल्या. मी काठी शोधली, ती मोडलेली आहे.

लिफ्ट वर आली. बेल वाजली. दार उघडायला मीच जातोय, गिरीश माझ्या मागे आहे.

तुझ्या बापाचा बाप आणि हिम्मतरावाचा मास्तर,
अण्णा