घासून दिलेली वाटी

सौ. शालूबाईस थोरल्या जावेचा आशीर्वाद. घ्यावासा वाटत नसला तर कोनाड्यात ठेव, पुढं लागंल. इकडं तासगावात माझे गुडघे सोडून समदे खुशाल. तिकडं औंधात तुझी शुगर आणि तुझी जीभ, दोन्ही कशा हायत ते कळव.

लिहिण्यास कारण, लेकीची पोरगी शिवांजली. कॉलेजात समाजशास्त्र शिकती, आणि कुटुंब म्हंजे काय ते बघायला आमच्यात येऊन राहिलीया (पुण्यात फ्लॅटात बघायला तीनच माणसं, त्यातली दोन कामावर). लय हुशार पोर. ती सांगती, काही पंडित म्हंत्यात कुटुंब हाय म्हणून समाज उभा हाय. दुसरे म्हंत्यात, कुटुंबात बायका राबत्यात आणि बाकीचे बसून खात्यात. मी म्हटलं, दोघंबी आपल्याच घरी जेवून गेलेले दिसत्यात.

तुला ठाऊकच हाय, माझ्या दोन पोरांनी चुली वेगळ्या केल्या, मधी भिंत घातली, तवापासनं सुना बोलंनात. पण वाटी चालू. आलेली वाटी रिकामी परत धाडायची न्हाई ही आपली रीत, मग थांबवणार कोण? आमटी गेली की बेदाणे येणार, बेदाणे संपले की त्यात लोणचं जाणार, आणि ने-आण करायला मी (पगार न्हाई). परवा शिवांजलीनं भांडी घासली आणि धाकटीकडनं आलेली वाटी लख्ख करून तिला नेऊन दिली. रिकामी! पोरीला कोण सांगणार, फ्लॅटात वाट्या फिरतच न्हाईत. धाकटी प्रियदर्शनी तरातरा थोरल्या मंगलच्या चुलीपाशी. “आवं जाऊबाई, संबंध तोडायचा तर तोंडानं तोडा की!” मंगल म्हणाली, “तू तोंड उघडलंस व्हय कवा?” मग भिंतीपासनं लग्नातल्या साडीपर्यंत समदं निघालं. दोघं भाऊ सोडवायला आले, तर दोघींनी मिळून त्यांनाच झाडलं. त्यानंतर चहा एकाच चुलीवर झाला, तो अजून तिथंच होतोय.

शिवांजली म्हणाली, “आज्जे, भरली वाटी पोचली की माणसानं जायचं कारणच उरत न्हाई.” पोरीला मी मानलं. रोज वाटी मी न्यायची, आणि दिसलं तिला.

तुझी थोरली जाऊ,
लक्ष्मी

ता. क. यमाईच्या यात्रेत माझ्या पोळ्या जाड म्हणालीस, तवापासनं तुझे भरलेले डबे येत्यात, तू न्हाईस. मीबी भरूनच धाडते.

आणखी एक. तुझा नातू यशराज एसटीनं निघालाय, त्याच्याकडं ह्या पत्रासंगं तुझा डबा दिलाय. शिवांजलीकडनंच घासून घेतला. हलवून बघू नकोस, आत काय न्हाई. भांडायला ये.