खांडची गाणी कोणाकडे जावीत, याबद्दल

मी, जितेश विष्णु घरत, वय शेहेचाळीस, धंदा मंडप व साऊंड, राहणार पेण, जिल्हा रायगड, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसं ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला फुफ्फुसं लागत नाहीत, असं आमच्या वकीलबाई अनन्या टिपणीस म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा एवढं माझ्याकडे आहे तरी काय?

कलम १. पेणची राहती खोली माझी बहीण दिपिका, सध्या राहणार रोहा, हिला देतो. ती विकणार हे मला माहीत आहे. खुशाल विकावी. घेणाऱ्याला मोरीच्या भिंतीची ओल मात्र आधीच सांगावी, माझ्या नावाने शिव्या नकोत. बँकेत दवाखान्याची बिलं भागून काही राहिलंच तर तेही तिचंच.

कलम २. बांबू, कनाती आणि झालरी मी हिरामणला मागच्याच वर्षी देऊन टाकल्या. इतकी वर्षं त्याने माझ्याबरोबर खांब रोवले, त्याला काही मिळायला मी मरायची वाट कशाला बघायला लावू? स्पीकर, मिक्सर आणि टेम्पो भाचा विराज याला देतो. माझ्या दहाव्याला त्याने ते स्पीकर लावू नयेत. मला ऐकू येणार नाही, पण शेजाऱ्यांना येईल.

कलम ३. ऋत्विकला काही देत नाही. हा कोण, आणि का नाही, ते पुढे येईल.

कलम ४. आता माझी खरी मिळकत. कपाटात मोज्यात गुंडाळलेली एक काळी हार्ड डिस्क आहे. तिच्यात 'खांड' या रोह्याच्या रॉक बँडची सगळी गाणी आहेत. सुरभी गायची आणि गाणी लिहायची, ऋत्विक गिटार वाजवायचा, बाकीचे येत-जात राहिले. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचा स्पीकर जळाला म्हणून त्यांनी माझा भाड्याने नेला. सुरभीचं पहिलं गाणं ऐकलं आणि मी भाडं घ्यायचं विसरलो, ते कायमचंच. कोलाडच्या बंद भातगिरणीत त्यांची तालीम चालायची, तिथेच मी सगळं रेकॉर्ड केलं. ज्या वेबसाइटवर त्यांनी गाणी टाकली ती बंद पडली. ऋत्विकचा लॅपटॉप नागोठण्याच्या पुरात गेला. तेव्हा आता जगात ही एवढीच प्रत आहे.

ज्याला ऐकायची असतील त्याने अशी ऐकावीत. पहिला अल्बम 'वडखळ नाका' आधी लावू नये. त्या वेळी ऋत्विकला आपण परदेशात जन्मायला हवं होतं असं वाटत होतं, आणि ते गिटारमध्ये ऐकू येतं. सुरुवात 'जनरल शिफ्ट' या दुसऱ्या अल्बमपासून करावी. त्यात आमच्या अंबा नदीवरचं 'अंबेचं पाणी' आहे. ड्रमवाला काठी शोधत राहिला आणि सुरभीने पहिली ओळ एकटीनेच गायली. नंतर आम्ही ते गाणं नीट घेतलं, दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा त्यातला जीव गेला. म्हणून चुकलेलंच ठेवलं आहे. 'बसथांबा' हे गाणं ती बस चुकलेल्या बाईसारखं गाते, चिडून नाही, सवयीने. मग 'वडखळ नाका'कडे वळावं. त्यात मध्येच ट्रकचा हॉर्न येतो तो मुद्दाम घातलेला नाही, गिरणी हायवेला लागून होती. ऋत्विक तो कापायला निघाला होता, मी हात धरला. मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवून आवाज वाढवणाऱ्यांनी या वाटेलाच जाऊ नये.

शेवटी, आणि शेवटीच, 'खांड गेली' ऐकावं. बाहेरच्या माणसासाठी सांगतो. आमच्या खारेपाटात खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात. उधाणाला बांध फुटला की जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो, आणि असा बांध फुटला की 'खांड गेली' म्हणतो. सुरभीचे वडील विठू पाटील गावाबरोबर खांड बुजवायला गेले आणि बांधासकट वाहून गेले. त्यावर तिने लिहिलं:

खांड गेली, बाबा गेले,
दाराशी खाडी आली.

मुंबईत त्यांचा एकच मोठा कार्यक्रम झाला. तिथल्या निवेदकाने आपल्या अकलेने सांगून टाकलं की खांड म्हणजे साखर, तेव्हा आता ऐका एक गोड बँड. मग सुरभीने हे गाणं सुरू केलं. लोकांना वाटलं, घरातली साखर संपली आणि बाबा आणायला गेले. ते हसले. टाळ्यांवर ठेका धरला. कोणीतरी कॉफीबरोबर मिळणारी साखरेची पुडी स्टेजवर फेकली. आणि ऋत्विक, ज्याला खांड म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं, तोही हसला आणि लोक खूश झालेले बघून त्याने धृपद पुन्हा वाजवलं. सुरभीने गाणं पूर्ण केलं. परत येताना टेम्पोत माझ्या शेजारी बसली होती. वडखळला आलो तेव्हा एवढंच बोलली, "जितूदादा, त्यांना वाटला आमचा बाबा दुकानात गेलाय." त्यानंतर ती कधी गायली नाही. ऋत्विक आता जाहिरातींना संगीत देतो, एका फरसाणाच्या पाकिटाची धून त्याचीच आहे. त्याला त्याचं फरसाण लखलाभ.

कलम ५. गाणी इंटरनेटवर टाक, असं मला पुष्कळांनी सांगितलं. गाणी सुरभीची आहेत. तिला विचारलं की ती माझ्या औषधांची चौकशी करते. ती हो म्हणाल्याशिवाय मी टाकणार नाही आणि कोणी टाकू नयेत.

कलम ६. ही डिस्क मी सुरभीला देतो. तिने ती जपावी असा आग्रह नाही. एकदा ऐकावी. आपण काय गात होतो ते तिला आठवत नसेल, मला रोज आठवतं. मी लग्न केलं नाही त्याचा याच्याशी संबंध नाही. थोडा आहे.

कलम ७. वर न सांगितलेलं, किंवा ज्याला दिलं त्याने नाकारलेलं, जे काही असेल ते विराजला. पोरगा सरळ आहे. डिस्क बघून मला तोंडावर म्हणाला, "मामा, पाचशे जीबी हाय. पुसून घेतली की हळदीची सगळी गाणी मावतील."

दुरुस्ती, माझ्या हातची. आज सही करायला आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात जमलो. कलम सहा सुरभीने वकिलाच्या तोंडून ऐकावं म्हणून मी तिलाही रोह्याहून बोलावलं होतं. तिने ते मान खाली घालून ऐकलं. साक्षीदार म्हणून हिरामण आला, पण दुसऱ्या सहीसाठी ठरलेले शेजारी आलेच नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, कोणीही सज्ञान माणूस चालेल, फक्त ज्याला यातून काही मिळतंय तो नको, उगाच पुढे भानगड. हिरामण कोणाला तरी बोलवायला उठला.

सुरभी म्हणाली, "मी करते सही."

वकीलबाईंनी तिला पुन्हा समजावलं की मग कलम सहा काढावं लागेल.

"व्हय, समजलं मना. काढा ते."

मी म्हटलं, यात ते मुंबईचं काही नाही गो, सगळं गिरणीतलं आहे, यात कोणी हसत नाही.

"तुझ्या डिस्कमदी नसंल, दादा. माझ्या कानात हाय."

मी वकीलबाईंकडून पेन मागून घेतलं.

कलम सहा रद्द. रेघ मी स्वतः मारली आहे. डिस्क कलम सातप्रमाणे विराजकडे जाईल. त्याला मी अट घालत नाही. कलम चारमध्ये कसं ऐकावं ते लिहिलं आहे, ते खोडायचं राहू दिलं, कारण हात दुखतो.

ठिकाण: पेण
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

सही: जितेश विष्णु घरत

जितेश घरत यांनी वरील मजकूर वाचून, रेघ मारून, आम्हा दोघांच्या देखत सही केली. या कागदाने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. हिरामण धर्मा वाघमारे, पेण
२. सौ. सुरभी नितीन ठाकूर, रोहा