मूठ उघडल्यावर

सोमवार, ४

टकल्या म्हणे जुन्या हत्यारांचा जाणकार! भिंतीवरची तलवार उतरवली, भिंग लावून अर्धा तास पाहिली, अन् म्हणतो कसा – मूठ जुनी आहे आजी, पातं मात्र पन्नास वर्षांचंही नाही. अरे, नवऱ्याच्या खापरपणजोबांची ती! मरेपर्यंत सांगत होता.

त्याला चहासुद्धा दिला नाही.

मंगळवार, ५

बोलावला मीच. तलवार खरी असं कागदावर लिहून हवं होतं, जावेच्या तोंडावर मारायला. वाटण्या झाल्या तेव्हा चारचौघांत बोलली – भावजींनी खरं पातं विकलं अन् नवं करून बसवलं. माझ्या नवऱ्याला चोर म्हणाली! बत्तीस वर्षं झाली, तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. दीर गेला तेव्हाही नाही.

गुरुवार, ७

टकल्या परत आला, मला शिकवायला. जुनं पातं मुठीपाशी जाड असतं, टोकाकडे पातळ होत जातं. हे सगळीकडे सारखं, पत्रा कापून घासलेलं. गंजही सारखाच, म्हणजे ॲसिडनं आणलेला. मी म्हटलं, तुमचं डोकंही सगळीकडे सारखंच आहे, म्हणून काय ते कालचं? थोरला म्हणाला, आई, गप्प बस. माझ्याच घरात मला!

म्हटलं, मूठ उघडा. आत कारागिराचा शिक्का आहे. नवरा सांगायचा. उघडू मात्र कुणाला द्यायचा नाही.

शनिवार, ९

उघडली. मूठ तापवली, आतली लाख मऊ झाली, पातं सुटलं. शिक्का कसला अन् काय! मूठ घट्ट बसावी म्हणून पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या देठाला चिंधी गुंडाळलेली. पिवळ्यावर निळे ठिपके.

टकल्या म्हणाला, चिंधीवरून वय सांगता येत नाही.

मला येतं. थोरल्याच्या पहिल्या झबल्याचं कापड ते. मीच शिवलेलं.

पाच पिढ्यांची तलवार, माझ्या पोरापेक्षा लहान! कामाला जायचा त्या कारखान्यातल्या यंत्रावर घासली असणार, अन् घरी येऊन माझ्याच हातचं गरम गरम जेवला असणार. वर जावेशी भांडायला मलाच पुढं केलं. मेलाय म्हणून वाचला.

कुणाला काही बोलले नाही. थोरल्यालाही नाही.

सोमवार, ११

जावेच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुझं खरं होतं.

तिनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "चपला बाहेर काढा."